रिकामा तक्ता झाकावा की दाखवावा?

संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर एखादे अॅप उघडावे, मध्यभागी एक चौकट दिसावी, तिच्या माथ्यावर दिनांक, तपशील, रक्कम आणि शेरा असे रकान्यांचे मथळे व्यवस्थित मांडलेले असावेत, आणि त्या मथळ्यांखाली मात्र एकही ओळ नसावी, हा प्रसंग बँक, शाळा, विमा किंवा सहकारी संस्था यांच्याशी ज्यांचा नित्य संबंध येतो अशा बहुतेक वाचकांच्या परिचयाचा असेल. अशा वेळी पाहणारा क्षणभर थबकतो. नोंदी मुळात नाहीतच, की त्या अजून यावयाच्या आहेत, की त्या पाहण्याचा आपल्याला अधिकार नाही, की यंत्रणेत काही बिघाड झाला आहे, या चारही शंका एकदमच त्याच्या मनात उभ्या राहतात आणि पडद्यावरील ती पांढरी जागा त्यांपैकी एकीचेही निरसन करीत नाही. अॅप तयार करणाऱ्याच्या कानावर ही तक्रार गेली म्हणजे तो बहुधा एकच उपाय योजतो: तक्ता रिकामा असेल तेव्हा तो दिसूच नये, अशी अट घालतो. उपाय सोपा आहे, थोड्या वेळात होणारा आहे, आणि पान त्यामुळे नीटनेटके दिसते हेही खरे. परंतु रिकामेपणाचे कारण न तपासता सरसकट तक्ते झाकीत सुटणे ही वापरणाऱ्याची दिशाभूल आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ते मत बनण्याची कारणे थोड्या विस्ताराने सांगण्याजोगी आहेत.

हा विषय केवळ व्यावसायिक प्रोग्रामरांच्या वर्तुळापुरता राहिला असता, तर सर्वसाधारण मासिकात त्याची चर्चा करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल बेसिक बाजारात आणले, आणि खिडक्या, बटणे, चौकटी हाताने लिहून न काढता माऊसने ओढून पडद्यावर ठेवता येऊ लागल्या, तेव्हापासून अॅप रचण्याचे काम हळूहळू सामान्य माणसाच्या आवाक्यात येत गेले. पुढच्याच वर्षी आलेल्या अॅक्सेसने तक्ते, फॉर्म आणि अहवाल यांची एकत्र सोय केली. ओरॅकलने २००४ मध्ये एचटीएमएल डीबी या नावाने जे साधन दिले तेच आज अॅपेक्स म्हणून ओळखले जाते. चेन्नईच्या झोहोचे क्रिएटर २००६ चे, बबल ही कंपनी २०१२ ची, आणि मायक्रोसॉफ्टचे पॉवर अॅप्स २०१६ पासून सर्वांसाठी खुले झाले. या साधनांमुळे आज एखाद्या कारखान्यातील भांडारपाल, शाळेतील लेखनिक किंवा संस्थेचा मानद चिटणीस प्रोग्रामिंगचे रीतसर शिक्षण न घेताही आपल्या कामापुरते अॅप स्वतः उभारू शकतो. ही गोष्ट मला अत्यंत स्वागतार्ह वाटते. मात्र अनुभवी प्रोग्रामर ज्या खाचखळग्यांतून ठेचा खाऊन शिकलेला असतो, ते खाचखळगे साधन सोपे झाल्याने बुजत नाहीत, आणि रिकाम्या तक्त्याचा प्रश्न त्यांपैकीच एक आहे. तो नवाही नाही. अॅक्सेसच्या अहवालांमध्ये ‘नो डेटा’ नावाची एक स्वतंत्र घटना फार पूर्वीपासून आहे: छापण्याजोगी एकही नोंद नसेल तर त्या क्षणी काय करावयाचे, हे रचनाकाराने आधीच सांगून ठेवावे आणि नुसत्या मथळ्यांचा कोरा कागद छपाईयंत्रातून बाहेर पडू नये, अशी ती तजवीज होती.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, शंभर-सव्वाशे सदनिकांच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या चिटणीसांनी सभासदांसाठी असे अॅप तयार केले आहे. सभासदाने आपला क्रमांक देऊन प्रवेश केला की त्याच्या नावाचे एक पान उघडते, आणि त्या पानावर एकाखाली एक चार तक्ते येतात: थकबाकी, तक्रारी, वाहने आणि भाडेकरू. पहिल्याच आठवड्यात असे आढळून येते की बहुसंख्य सभासदांच्या पानावर या चारांपैकी दोन-तीन तक्ते रिकामे आहेत, आणि पान म्हणजे मथळ्यांची एक निरर्थक रांग झाली आहे. चिटणीस रिकामे तक्ते झाकण्याचे ठरवतात.

ते करण्याची रीत प्रत्येक साधनात थोडी निराळी आहे, पण तत्त्व एकच. पॉवर अॅप्समध्ये प्रत्येक वस्तूला व्हिजिबल नावाचा एक गुणधर्म असतो. तेथे होय किंवा नाही असे थेट न लिहिता सूत्र लिहिता येते, आणि तक्ता रिकामा आहे काय हे विचारणारे इझएम्प्टी अथवा ओळी मोजणारे काउंटरोज यांपैकी एखादे सूत्र तेथे बसविले की नोंदी असतील तेव्हाच तक्ता दिसतो. बबलमध्ये यादीतील नोंदींची संख्या शून्य असेल तर ही चौकट दाखवू नये, अशी अट बसवितात, आणि झाकलेल्या चौकटीची उंचीही मिटावी यासाठी वेगळी खूण करावी लागते. ती करावयाची राहिली तर तक्ता जातो पण त्याच्या आकाराची पोकळी पानावर तशीच उरते. अॅपेक्समध्ये पानाच्या प्रत्येक भागाला सर्व्हरवर तपासली जाणारी अट जोडता येते: अमुक क्वेरीने, म्हणजे दप्तराकडे केलेल्या विचारणेने, किमान एक ओळ दिली तरच हा भाग पानावर घ्यावा. येथे एक गोष्ट नवख्याच्या ध्यानात सहसा येत नाही. सर्व्हरने जो भाग पानावर घेतलाच नाही, तो त्या पानापुरता अस्तित्वातच नसतो. सभासदाने त्याच पानावर नवी नोंद केली तरी पान पुन्हा नव्याने उघडल्याखेरीज तो तक्ता प्रकट होत नाही, आणि आपली नोंद गहाळ झाली असे त्या बिचाऱ्याला वाटते. शिवाय अटीसाठी एकदा आणि तक्ता भरण्यासाठी दुसऱ्यांदा, अशी तीच क्वेरी दोनदा चालते. दप्तर मोठे असेल तर हा भार दुर्लक्ष करण्याजोगा नसतो.

तंत्राचा भाग येथवर पुरे. खरा प्रश्न असा की, त्या चार तक्त्यांपैकी झाकण्यास योग्य कोणता? वाहनांचा तक्ता निःसंशय झाकावा. ज्याच्याजवळ वाहन नाही, त्याला वाहन क्रमांक आणि वाहनतळाचा क्रमांक या रकान्यांशी काहीच कर्तव्य नाही. तो तक्ता नसल्याने त्याचे काही अडत नाही आणि असल्याने काही साधत नाही. थकबाकीची गोष्ट मात्र अगदी उलट आहे. थकबाकीचा तक्ता रिकामा असणे ही सभासदाच्या दृष्टीने पानावरील सर्वांत महत्त्वाची वार्ता आहे. देखभाल शुल्क भरून चार दिवस झाले, ते जमा झाले की नाही एवढेच पाहण्यासाठी तो पान उघडतो, आणि तेथे थकबाकी हा शब्दच नाहीसा झालेला पाहून त्याचे समाधान होण्याऐवजी संशय वाढतो. तेथे ‘आजअखेर आपल्याकडे कोणतीही थकबाकी नाही’ असे एक निःसंदिग्ध वाक्य हवे आणि त्यापुढे तारीख हवी. तक्रारींच्या बाबतीत आणखी एक व्यावहारिक अडचण उद्भवते: नवी तक्रार नोंदविण्याचे बटण बहुधा त्या तक्त्याच्याच माथ्यावर असते, आणि तक्ता झाकला की त्याबरोबर बटणही जाते. परिणामी ज्याने आजवर एकही तक्रार केली नाही, त्याला पहिली तक्रार करण्याचा मार्गच बंद होतो. हा दोष मी अनेक अॅपमध्ये पाहिला आहे, आणि तो दीर्घकाळ उघडकीस येत नाही, कारण चाचणी घेणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यात दहा-वीस नोंदी नेहमीच पडलेल्या असतात.

राहता राहिला भाडेकरूंचा तक्ता. सदनिकेत भाडेकरू नसणे आणि भाडेकरू असूनही त्याची माहिती संस्थेला दिलेली नसणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. दोहोंचे दृश्य मात्र एकच, रिकामा तक्ता. हा भेद आपल्या सरकारी कचेऱ्यांनी संगणक येण्यापूर्वीच ओळखला होता. वरिष्ठ कार्यालयाने माहिती मागविली आणि कळविण्याजोगे काही नसले, तरी कागद कोरा ठेवून किंवा न पाठवून चालत नाही. रकान्यात ‘निरंक’ असे लिहून, सही करून तो अहवाल रवाना करावा लागतो. निरंक लिहिणाऱ्याने तपासणी केली आहे आणि काही आढळले नाही याची जबाबदारी घेतली आहे. कोऱ्या रकान्यामागे असे कोणीही उभे नसते. अॅपमध्येही ‘या सदनिकेत भाडेकरू नाही’ असे सभासदाने स्वतः नोंदविण्याची सोय ठेवली, म्हणजे खरी निरंक नोंद आणि नुसते मौन यांतील फरक दप्तरात कायम राहतो.

आतापर्यंत ज्या रिकामेपणाचा विचार केला, तो निदान खरा होता. याहून अधिक धोक्याचा तो खोटा रिकामेपणा, म्हणजे नोंदी असूनही तक्त्यात एकही ओळ न येणे. पॉवर अॅप्समध्ये याचे एक उत्तम उदाहरण सापडते. तेथे शोधाचे काम शक्य तेव्हा मूळ दप्तराकडेच सोपविले जाते, आणि मग नोंदी लाखभर असल्या तरी अडचण पडत नाही. परंतु काही सूत्रे अशी असतात की ती मूळ दप्तराला समजत नाहीत, आणि अशा वेळी अॅप दप्तरातील पहिल्या काही नोंदीच आपल्याकडे मागवून घेते आणि तेवढ्यांतच शोध करते. ही मर्यादा मुळात ५०० नोंदींची असते आणि वाढवून २००० पर्यंत नेता येते, त्यापुढे नाही. आता आपल्या संस्थेत १२० सदनिका असतील तर देखभाल शुल्काच्या पावत्या दरमहा १२० होतात, आणि पाच महिने पुरे होताच त्यांची संख्या ६०० वर जाते. चिटणीसांनी शोधाची जी अट लिहिली ती मूळ दप्तराकडे सोपविता न येण्याजोगी निघाली, आणि सभासदाची पावती ५०० च्या पलीकडे असली, तर शोधाचे उत्तर रिकामे येणार. मथळे तरी दिसत असते तर सभासदाने विचारणा केली असती. पण तक्ता रिकामा असेल तर झाकावा ही अट आपले काम चोख बजावते, आणि भरलेल्या पैशाची पावती कोणत्याही सूचनेवाचून पडद्याआड जाते. अॅप रचताना साधन याविषयी धोक्याची खूण दाखविते खरे, पण ती रचनाकाराला दिसते, सभासदाला नव्हे. आणि पहिल्या चार महिन्यांत सर्व काही सुरळीत चालल्यामुळे त्या खुणेकडे कोणी गांभीर्याने पाहिलेले नसते.

अधिकारांच्या नियमांमुळेही असाच खोटा रिकामेपणा निर्माण होतो. पोस्टग्रेस या सुप्रसिद्ध डेटाबेसच्या ९.५ या आवृत्तीत, जी जानेवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, ओळीगणिक अधिकार ठरविण्याची तरतूद आली: अमुक माणसाने तक्त्यातील अमुकच ओळी पाहाव्यात. ही तरतूद लागू केली पण कोणाला काय दिसावे याचा नियम लिहिला नाही, तर सामान्य वापरणाऱ्याला एकही ओळ मिळत नाही, आणि विशेष म्हणजे त्याबद्दल त्रुटीचा संदेशही येत नाही. डेटाबेस फक्त शून्य ओळी परत करतो. बबलच्या गोपनीयतेच्या नियमांचेही वर्तन असेच आहे: ज्या नोंदी पाहण्याची मुभा नाही, त्या शोधाच्या उत्तरातून निमूटपणे वगळल्या जातात. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे वर्तन समर्थनीय आहे, कारण ‘नोंद आहे पण तुम्हाला दाखविणार नाही’ असे सांगणे हीच पुष्कळदा गुप्त माहिती फोडणे ठरते. पण रचनाकाराने हे जाणून असावे की, ‘नाही’ आणि ‘परवानगी नाही’ ही दोन उत्तरे त्याच्या अटीला एकसारखीच ऐकू येतात.

तिसरे कारण केवळ विलंबाचे. क्वेरी सर्व्हरकडे गेलेली असते, उत्तर अद्याप परतलेले नसते, आणि त्या मधल्या काळात ओळींची संख्या शून्यच भरते. झाकण्याची अट त्या क्षणीही तपासली जाते. तक्ता आधी लोपतो, मग उत्तर येताच अकस्मात प्रकट होतो आणि खालचा सर्व मजकूर ढकलून देतो. गावाकडच्या मंद नेटवर्कवर मोबाइल पाहणारा माणूस एका बटणावर बोट ठेवावयास जातो आणि तेवढ्यात त्या जागी दुसरेच बटण आलेले असते. म्हणून संख्या शून्य आहे काय हे विचारण्याआधी उत्तर आले आहे काय, हे विचारले पाहिजे. रिटूलसारख्या साधनात क्वेरी अजून चालू आहे की नाही हे सांगणारी स्वतंत्र खूण उपलब्ध असते. जेथे ती नसेल, तेथे आपली आपण राखावी.

या संदर्भात शून्य आणि अभाव यांतील भेदाचाही उल्लेख केला पाहिजे, कारण अनेक अटी नेमक्या येथेच फसतात. आयबीएमचे एडगर कॉड यांनी १९७० मध्ये सर्व माहिती परस्परसंबद्ध तक्त्यांच्या रूपाने मांडण्याचा सिद्धान्त प्रसिद्ध केला, आणि आजचे बहुतेक डेटाबेस त्याच पायावर उभे आहेत. त्यांतून पुढे विकसित झालेल्या एसक्यूएल भाषेत ‘नल’ नावाचे एक चिन्ह आहे. ते शून्य नव्हे, कोरी अक्षरेही नव्हेत, तर मूल्य अस्तित्वात नाही किंवा ज्ञात नाही एवढेच ते दर्शविते. एकही ओळ नसलेल्या तक्त्यातील ओळी मोजल्या तर उत्तर शून्य येते. परंतु त्याच तक्त्यातील रकमांची बेरीज मागितली तर उत्तर शून्य येत नाही, नल येते. आता ‘थकबाकीची बेरीज शून्य असेल तर तक्ता झाक’ अशी अट क्वेरीत घातली, की ज्याच्या नावावर थकबाकीची एकही ओळ नाही त्याच्या बाबतीत ती कधीच पुरी होत नाही, कारण नल हे शून्याबरोबर आहे काय या प्रश्नाला एसक्यूएल होय म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. वाचणाऱ्याला हा शब्दच्छल वाटेल. पण अट का चालत नाही म्हणून रात्र घालविणाऱ्या माणसाला एवढी एक गोष्ट सांगितली तर त्याचे श्रम वाचतात.

झाकणे म्हणजे संरक्षण नव्हे, ही गोष्टही पुष्कळांच्या ध्यानात नसते. ब्राउझरमध्ये जो तक्ता केवळ दृष्टीआड केला आहे, त्याच्यातील नोंदी अनेकदा वापरणाऱ्याच्या यंत्रापर्यंत पोहोचलेल्याच असतात, आणि ब्राउझरची अंतर्गत तपासणी करता येणाऱ्या कोणालाही त्या वाचता येतात. जे दुसऱ्याने पाहू नये, ते सर्व्हरवरच अडविले पाहिजे.

मग तक्ता झाकावाच लागला तर तो कसा झाकावा, याचा एक चांगला नमुना आपल्या महसूल खात्यात आहे. सातबारा हा उतारा दोन नमुन्यांचा मिळून होतो: गाव नमुना सातमध्ये मालकी व हक्क, आणि गाव नमुना बारामध्ये पिकांची नोंद. जी जमीन अकृषिक झाली, तिच्यावर पीक असण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि तरीही बाराचा कोरा तक्ता तिच्या उताऱ्यावर छापणे म्हणजे वाचणाऱ्याला नसत्या शंकेत पाडणे होय. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये सातबाराच्या नमुन्यात ज्या सुधारणा केल्या, त्यांत अशा जमिनींच्या उताऱ्यावर, हे क्षेत्र अकृषिक झाले असल्यामुळे येथे गाव नमुना बाराची आवश्यकता नाही, अशा आशयाची सूचना देण्यात आली. तक्ता वगळला, पण त्याच्या जागी वगळण्याचे कारण ठेवले. शेतजमीन आणि बिनशेती जमीन यांतील फरक ज्याला ठाऊक नाही अशा नातवालाही आजोबांच्या जमिनीचा तो उतारा वाचताना पान गहाळ झाल्याचा भास होणार नाही. जे वाक्य कागदावर बसते ते पडद्यावर बसण्यास काहीच हरकत नाही; उलट पडद्यावर ते अधिक उपयोगी ठरते, कारण अंध व्यक्ती जे वाचक सॉफ्टवेअर वापरतात ते पानावर नसलेला तक्ता वाचून दाखवू शकत नाही, लिहिलेले वाक्य मात्र स्वच्छ वाचते.

तेव्हा ज्या वाचकांच्या संस्थेत, शाळेत किंवा कार्यालयात असे एखादे अॅप सध्या तयार होत असेल, त्यांना माझी विनंती आहे की, ते स्वीकारण्यापूर्वी आजच दाखल झालेल्या, एकही नोंद नसलेल्या सभासदाच्या नावाने ते एकदा उघडून पाहावे. मग इंटरनेट मंद करून पाहावे. मग ज्याला फारसे अधिकार नाहीत अशा माणसाच्या खात्यातून पाहावे. आणि शेवटी दोन-तीन हजार खोट्या नोंदी भरून सर्वांत अखेरची नोंद शोधात सापडते की नाही हे तपासावे. या प्रत्येक वेळी जो तक्ता दिसला नाही, त्याच्याविषयी ‘तो का दिसला नाही?’ असे रचनाकाराला विचारावे, आणि त्याचे उत्तर पडद्यावर एका वाक्यात लिहून मिळेपर्यंत अॅप ताब्यात घेऊ नये.